ठिबकणारा व्हॉल्व्ह

"आधी मला सांग, उष्णता कुठून कुठे जाते?"

देवस्थळी साहेबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्या गच्चीवर, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात ब्रश घेऊन उभी होते. जानेवारीचा महिना, सकाळचे साडेनऊ. नाशिकची थंडी बोटांच्या पेरांत शिरली होती. साहेब मात्र स्वेटर, मफलर आणि माकडटोपी अशा कडेकोट बंदोबस्तात खुर्ची टाकून बसले होते. खुर्ची त्यांनी मलाच वर आणायला लावली होती. परीक्षक काही उभ्याने परीक्षा घेत नाहीत.

"गरमाकडून गाराकडे, साहेब."

"आणि हा तुमचा हीट पंप काय करतो?"

"उलटं करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो आणि टाकीतल्या पाण्याला देतो."

"म्हणजे निसर्गाच्या नियमाविरुद्ध?"

"वीज वापरून करतो, साहेब. फ्रिजसारखंच. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरची आत घेतो."

साहेबांनी "हं" केलं. विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर काही मास्तरांना जे दुःख होतं, ते त्या "हं"मध्ये पुरेपूर होतं.

"आयटीआय ना तू?"

"हो. रेफ्रिजरेशनला होते."

"तिथे मुलींना कधीपासून घ्यायला लागले?"

"घेत होतेच, साहेब. मुली जात नव्हत्या."

"हं."

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली. माझं नाव वैजयंता वाजे. सिन्नरच्या बाजूचं आमचं गाव. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि हीट पंप बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिसच्या कामाला होते. कंपनीत टेक्निशियन आम्ही पाच. चौघे बाप्ये, पाचवी मी. फोनवर "आमचा माणूस येईल" असं सांगून ऑफिस मोकळं व्हायचं आणि दारात मी उभी राहायचे. मग लोक माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, माणूस कुठे राहिला म्हणून.

गावाकडे वडिलांनी मला एका अटीवर नाशिकला राहू दिलं होतं. नोकरी आहे तोवर राहा, नोकरी सुटली की घरी. घरी म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. एक द्राक्षबागवाला दोन वर्षं निरोप पाठवत होता. मुलगा चांगला होता म्हणे. मी त्याला एकदा पाहिलं होतं. अर्ध्या तासात तो तीन वेळा स्वतःच्या ट्रॅक्टरबद्दल बोलला होता.

देवस्थळी साहेब राहायचे ती कॉलनी सगळी धरणं बांधणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरांची. बत्तीस बंगले. प्रत्येक फाटकावर नाव, नावाखाली पदवी, पदवीखाली निवृत्तीच्या वेळचं पद. देवस्थळी साहेबांच्या पाटीवर तर मजकूर मावेना म्हणून पाटी दोनदा बदलली होती. ते कॉलनीचे अध्यक्ष. त्यांच्या एका शब्दावर बत्तीसही बंगल्यांनी आमच्या कंपनीचे हीट पंप घेतले होते आणि देखभालीचं कंत्राटही आम्हालाच दिलं होतं. त्यामुळे आमचे मॅनेजर पिंगळे सर देवस्थळी साहेबांचा फोन उभं राहून घ्यायचे. फोनवर समोरच्याला काही दिसत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तोंडी परीक्षा पाऊण तास चालली. शेवटी साहेबांनी मला हात लावायची परवानगी दिली.

देखभाल म्हणजे तसं काही मोठं काम नसतं. जाळी धुवायची. पंख्यामागच्या पत्र्यांमधली धूळ ब्रशने काढायची. टाकीच्या तळाचा गाळ सोडून द्यायचा. आतली मॅग्नेशियमची कांडी किती झिजली ते बघायचं. टाकी गंजू नये म्हणून ती बिचारी स्वतः गंजत असते. आणि सगळ्यात शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी तापलं की फुगतं. फुगलेल्या पाण्याला जायला वाट हवी, म्हणून हा व्हॉल्व्ह थोडं थोडं पाणी बाहेर सोडतो. थेंब, थेंब. तो ठिबकतो म्हणजे तो बिघडलेला नसतो. तो कामावर असतो.

जाळी धुतली, पत्रे झाले, आणि मी टाकीच्या मागच्या बाजूला गेले. बघते तर व्हॉल्व्हचं तोंड बंद. त्यात सागवानी खुंटी ठोकलेली, खुंटीवर एम-सीलचा जाड लेप, लेपावर टाकीशी जुळणारा राखी रंग, आणि रंगावर बारीक ब्रशने, सुवाच्य अक्षरांत, तारीख घातलेली. चार नोव्हेंबर.

असं काम मी पुढेही कधी पाहिलं नाही. लोक चिंध्या कोंबतात, बटाट्याचा तुकडा कोंबलेलाही मी पाहिलाय. पण इतक्या मायेने मरणाची तयारी केलेली पहिल्यांदाच पाहत होते.

मग मी दाबाच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा लाल पट्ट्यातून पलीकडे जाऊन शेवटच्या खिळ्याला टेकला होता. त्याला आणखी पुढे जायचं असणार, पण घड्याळ संपलं होतं. थर्मामीटर चौऱ्याऐंशी दाखवत होता. पंचावन्नला बंद व्हायला हवं होतं. टाकीच्या बाहेरच्या पत्र्याची उभी शिवण एका जागी उसवल्यासारखी उघडली होती.

मी मेन स्विच खाली केला. मग हळूच, टाकीला जाग येऊ नये अशा बेताने, चार पावलं मागे सरकले.

"साहेब, हे व्हॉल्व्हचं कोणी केलं?"

"मी केलं." साहेब खुर्चीत थोडे सरसावले. "तुमच्या माणसाने बसवलेला व्हॉल्व्ह गळका होता. दिवसभर टपटप टपटप. चार माणसं तुमच्या ऑफिसात बसतात, एकाला सुचलं नाही. मी एका सकाळी बंद केलं. तेव्हापासून थेंब नाही."

"साहेब, तो गळत नव्हता. तो ठिबकायलाच हवा."

"पाणी वाया जायलाच हवं?" साहेब हसले. "मुली, पाणी वाचवण्यात माझी छत्तीस वर्षं गेली."

"आत दाब किती झालाय बघा. आणि टाकीतल्या जादा विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट चिकटलाय, तो बंदच होत नाहीये. हीटर रोज चालू ठेवता का?"

"हिवाळ्यात ठेवतो. मला कडकडीत पाणी लागतं."

"साहेब, याच्या खाली काय आहे?"

"माझी बाथरूम. का?"

काय सांगणार? मी खाली पळाले. जिन्याच्या तोंडाशी कुमुदकाकू उभ्या होत्या. साहेबांच्या पत्नी. बारीक, उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी आल्यापासून त्यांच्या तोंडून "ये" याखेरीज शब्द निघाला नव्हता.

"काकू, साहेबांच्या बाथरूममधला गरम पाण्याचा नळ कुठाय? तुम्ही लांब थांबा."

त्यांनी काही विचारलं नाही. बोटाने दार दाखवलं आणि खरंच लांब, पार हॉलच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मी नळाला फडकं गुंडाळून बाजूला उभं राहून तो सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग नळ असा काही खोकला की भिंतीवरची साबणाची वडी खाली पडली, आणि लालसर, वाफाळतं पाणी बादलीबाहेर उडायला लागलं. बाथरूम वाफेने भरली. वरून साहेबांचा आवाज आला.

"पाणी वाया घालवू नकोस!"

पाण्याचा जोर ओसरला. मी वर गेले तर काटा खाली आला होता. आता खरं तर काम सरळ होतं. व्हॉल्व्ह नवा टाकायचा, थर्मोस्टॅट नवा टाकायचा. दोन्ही माझ्या पिशवीत होते. पण साहेबांनी खुर्ची उचलून टाकीसमोर आणून ठेवली होती आणि तिच्यावर ते धरणं धरल्यासारखे बसले होते.

"माझ्या कामाला हात लावायचा नाही. थर्मोस्टॅट बदल, तो तुमचा दोष आहे. बाकी चालू कर."

"असं चालू करता येणार नाही, साहेब."

"का?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण पाऊण तास परीक्षा दिली होती, एक प्रश्न माझ्याही मनात होता.

"साहेब, तुम्ही बांधलेल्या धरणाला सांडवा होता का?"

"अर्थात होता. काय प्रश्न आहे हा?"

"त्यातून पावसाळ्यात पाणी वाहून वाया जायचं. तो कोणी एम-सीलने बुजवला असता तर?"

साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मला वाटतं त्या एका क्षणात त्यांना सगळं समजलं होतं. ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर बरं झालं असतं, मूर्खाला समजावता येतं. त्यांना समजलं होतं, आणि समजलं ते आयटीआयच्या पोरीकडून, ही खरी अडचण होती.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, पिंगळे सरांना लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"पिंगळे, तुमची ही मुलगी मला धरण शिकवतेय."

"साहेब, साहेब, माफ करा. लहान आहे ती. वैजयंता, आहेस का तिथे?"

"सर, सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवलाय. काटा शेवटाला होता. मी मशीन बंद केलंय."

 पिंगळे सर स्वतः टेक्निशियन होते एकेकाळी. मी काय सांगतेय हे त्यांना चांगलं कळलं होतं. मग त्यांचा आवाज आला, लोण्यात घोळवलेला. "हे बघ, साहेब स्वतः इंजिनिअर आहेत. त्यांनी विचार करूनच केलं असेल. तू सर्व्हिस कार्डावर 'तपासले, ठीक' लिही, सही कर आणि ये."

"सर, तुम्ही येऊन करता का सही?"

फोन कट झाला. नेटवर्क गेलं असावं. पिंगळे सरांचं नेटवर्क फार समजूतदार होतं, नेमक्या वेळी जायचं.

त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. पुढे लोकांनी मला तसं सांगून पाहिलं, म्हणून स्पष्ट करते. टाकी चालू करायची तर बटण मला दाबायचं होतं, आणि टाकी माझ्यापासून दोन हातांवर होती. एवढंच.

मी कार्ड काढलं आणि लिहिलं, "सेफ्टी व्हॉल्व्ह ग्राहकाने बुजवला आहे. धोकादायक. मशीन बंद ठेवले आहे. व्हॉल्व्ह बदलण्यास परवानगी हवी." आणि कार्ड साहेबांपुढे धरलं.

"मी सही करणार नाही."

"मग मशीन बंद राहील, साहेब."

"मी दुसरा माणूस बोलावीन."

"सही कुठे करायची असते?" मागून आवाज आला. कुमुदकाकू चहाचा ट्रे घेऊन वर आल्या होत्या.

"ग्राहकाची सही, काकू. इथे खाली."

"ग्राहक कोण लिहिलंय?"

मी कार्ड उलटून पाहिलं. खरं सांगते, तोवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. ग्राहकाचं नाव, सौ. कुमुद अरविंद देवस्थळी.

त्या कॉलनीतले बहुतेक बंगले बायकांच्या नावावर होते. खात्यातल्या साहेबांना स्वतःच्या नावावर घर बांधायला एवढा संकोच का वाटत होता, हे तिथे कोणी कोणाला विचारत नसे. बायकोवरच्या प्रेमाखातर, असं आपण धरून चालू. तर प्रेमाखातर बंगला काकूंच्या नावावर, विजेचं मीटर काकूंच्या नावावर, आणि म्हणून हीट पंपही काकूंच्याच नावावर होता.

"म्हणजे माझी सही चालेल," काकू म्हणाल्या.

"कुमुद, तू खाली जा. तुला यातलं कळत नाही."

काकूंनी ट्रे टाकीच्या कट्ट्यावर ठेवला. माझ्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं आणि उभ्या उभ्या सही केली. शिक्षकांची असते तशी, प्रत्येक अक्षर वाचता येईल अशी. मग साहेबांना म्हणाल्या, "खुर्ची जरा सरकवा. तिला वाट हवी."

आणि साहेबांनी खुर्ची सरकवली. बत्तीस बंगल्यांचा अध्यक्ष मुकाट्याने उठला, खुर्ची स्वतः उचलून कठड्यापाशी नेली आणि आमच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसला.

मला जुना व्हॉल्व्ह काढायला वीस मिनिटं लागली. काम पक्कं होतं, त्यात शंका नाही. नवा बसवला, थर्मोस्टॅट बदलला, मशीन चालू केलं, आणि थोड्या वेळाने पहिला थेंब पडला.

"ठिबकतोय," साहेब न वळता म्हणाले.

"ठिबकू दे," काकू म्हणाल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मला माझ्याबद्दल बरं बोलता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी पिंगळे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचा फोन आला होता. मुलीने उद्धट वर्तन केलं, घरातल्या बाईमाणसाला भरीस घालून सही घेतली. लेखी माफी पाहिजे, नाहीतर कंत्राटाचा फेरविचार.

"सर, तुम्हाला माहीत आहे मी बरोबर होते."

"बरोबर होतीस म्हणून तर माफी मागायची," पिंगळे सर म्हणाले. "चुकली असतीस तर मी सांभाळून घेतलं असतं."

मला ते वाक्य आजही नीट समजलेलं नाही, पण बऱ्याच ऑफिसांत ते जसंच्या तसं चालतं हे मी पाहिलंय.

मला द्राक्षबागवाल्याचा ट्रॅक्टर आठवला आणि मी माफीपत्र लिहिलं. मजकूर सरांनी सांगितला. "माझ्या उद्धट वर्तनाने आपल्यासारख्या ज्येष्ठ व अनुभवी अभियंत्यास मनस्ताप झाला, याबद्दल मी अंतःकरणापासून दिलगीर आहे." माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे माफी देखणी झाली. सही करताना मला काकूंची सही आठवली आणि माझी मात्र वाचता येऊ नये अशी केली. तेवढाच माझा बाणेदारपणा.

त्याच आठवड्यात कॉलनीच्या फळ्यावर सूचना लागली. रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहात व्याख्यान. विषय: घरगुती हीट पंप, देखभाल व सुरक्षितता. वक्ते: श्री. अ. ना. देवस्थळी. चहापानाची सोय आहे.

कंपनीतर्फे पिंगळे सर पुष्पगुच्छ घेऊन हजर होते आणि मी वस्तू घेऊन. साहेबांनी निरोप पाठवला होता, तो जुना व्हॉल्व्ह दाखवायला आणा. मी व्हॉल्व्ह एका ताटात ठेवून, ते ताट हातात धरून, ओवाळायला निघाल्यासारखी मंचाच्या बाजूला उभी राहिले.

साहेब फार छान बोलले, हे कबूल करायला हवं. पाणी तापलं की फुगतं, हे त्यांनी सांगितलं. फुगलेल्या पाण्याला वाट हवी, हे सांगितलं. मग दोन्ही हात पसरून म्हणाले, "मित्रहो, धरणाला जसा सांडवा, तसा टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह. ही तुलना मला परवा अचानक सुचली." टाळ्या पडल्या. पिंगळे सरांच्या सगळ्यात मोठ्या.

"आता मी तुम्हाला एक प्रत्यक्ष उदाहरण दाखवतो. या कॉलनीतल्याच एका घरातलं आहे. नाव घेणं सभ्यपणाचं नाही." त्यांनी मला खूण केली. मी ताट पुढे केलं. "हा पाहा. ठिबकण्याचा कंटाळा आला म्हणून त्या घरातल्या गृहिणीने यात खुंटी ठोकली. तिचा दोष नाही. बायकांना टपटप सहन होत नाही आणि शास्त्र माहीत नसतं. सुदैवाने ही गोष्ट वेळीच माझ्या लक्षात आली."

कुमुदकाकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या आजूबाजूच्या बायका माना हलवत होत्या; कोण बाई अशी अडाणी, असं कुजबुजत होत्या. काकू साहेबांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनंती नव्हती, रागही नव्हता. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक बाई बघतात ना, तसं नुसतं बघणं.

पिंगळे सरांनी माझ्याकडे मान डोलावली. म्हणजे, झालं, आता ताट घेऊन मागे जा.

"साहेब," मी म्हणाले, "गृहिणीने नाही."

सभागृहात माईक एकच होता आणि तो साहेबांपुढे होता, पण माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. गावाकडे शेतातून हाका मारायची सवय.

"काय म्हणालीस?"

"खुंटी गृहिणीने ठोकली नाही. तुम्ही ठोकली. व्हॉल्व्ह तुमच्या घरातला आहे. मी काढला, परवाच्या मंगळवारी."

 खुर्च्या करकरायला लागल्या. पिंगळे सर "वैजयंता, वैजयंता" असं मंत्र म्हटल्यासारखं पुटपुटत होते. साहेब मात्र डगमगले नाहीत. छत्तीस वर्षांत त्यांनी चौकशा काही कमी पाहिल्या नसतील. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

"मित्रहो, मला हे टाळायचं होतं. या मुलीने स्वतः मला लेखी माफी दिलेली आहे." आणि त्यांनी ती माईकवर, स्वल्पविरामांसकट, मोठ्याने वाचून दाखवली. अंतःकरणापासून दिलगीर आहे, इथपर्यंत. "आता सांगा, चूक कोणाची होती?"

माझ्या कानशिलांना आग लागली होती. मी ताट मंचाच्या कडेवर ठेवलं.

"उद्धटपणाची माफी मागितलीय, साहेब," मी म्हणाले. "उद्धट मी होतेच. व्हॉल्व्हची नाही मागितलेली. परत वाचा ना. त्यात व्हॉल्व्ह कुठाय?"

साहेबांनी खरंच कागदाकडे पाहिलं. एवढ्या माणसांपुढे, चष्मा वर-खाली करत, ते त्यात व्हॉल्व्ह शोधायला लागले.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून हसू आलं. आधी बारीक, रोखून धरलेलं, मग एकदम मोकळं सुटलेलं. कुमुदकाकू हसत होत्या. पदर तोंडाला न लावता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. शेजारच्या बाईला आधी कळेना, मग ती हसली, मग तिची रांग, मग मागच्या रांगेतले निवृत्त अधीक्षक अभियंते आणि कार्यकारी अभियंते. साहेब माईकपुढे कागद धरून उभेच होते.

चहापानाच्या आधी माझी नोकरी गेली. पिंगळे सरांनी पायरीवरच हत्यारांची पिशवी मागून घेतली आणि मला म्हणाले, "तू चांगली टेक्निशियन होतीस." जणू मी मेलेच होते. दोन महिने मी गावी काढले, द्राक्षबागवाल्याला दोनदा नकार दिला, आणि मग त्या कॉलनीतून एकेक फोन यायला लागले. बहुतेक बायकांचे. आमच्याकडचं एकदा येऊन बघशील का, यांना काही बोलू नकोस. बत्तीसपैकी पाच घरांत व्हॉल्व्ह बुजवलेले निघाले. कंपनी दुसरीकडे गेली, पिंगळे सर तिसरीकडे गेले, कॉलनी माझ्याकडे राहिली. माझं दुकान तिथूनच सुरू झालं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मी सभागृहाच्या पायरीवर रिकाम्या हातांनी उभी होते. पिशवी नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. काकू बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. हसून हसून त्यांचा आवाज बसला होता.

"एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं," त्या म्हणाल्या. "नववीला उष्णता हा धडा असायचा."

मी त्यांच्याकडे वळले.

"नोव्हेंबरात त्यांनी ती खुंटी बसवली, त्या दिवसापासून मी त्या टाकीचं पाणी घेतलं नाही. स्वयंपाकघरात गॅसवर पातेल्यात तापवायचे आणि मागच्या मोरीत आंघोळ करायचे. झोपायलाही पुढच्या खोलीत गेले."

"आणि साहेब?"

"ते रोज तिथेच. साडेसहाला. कडकडीत पाण्याने, स्तोत्र म्हणत."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"दोनदा सांगितलं. एकदा आकृती काढून सांगितलं. म्हणाले, तुला यातलं कळत नाही."

"मग?"

"मग सर्व्हिसला माणूस पाठवा म्हणून तुमच्या ऑफिसला मीच फोन केला." काकूंनी डोळे पुसले. "पण तो करायला मला दोन महिने लागले, वैजयंता."

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं.  समोर आवारात साहेब एकटेच, हातात पुष्पगुच्छ घेऊन, भर उन्हात उभे होते. त्यांच्या अंगावर तोच जाड कोट होता.

"चल, जाते मी," काकू म्हणाल्या. "उन्हात फार वेळ उभं राहिलं की त्यांना चक्कर येते." आणि पायऱ्या उतरून त्यांना घ्यायला गेल्या.